मालवाहू पिकअप गाडी : तिचे दीर्घायुष्य आणि आपला संसार

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय मीच निवडावा अशी मुभाही त्यांनी उदारपणे दिली. शिक्षणप्रसार, विवाहखर्चास आळा, विद्यार्थी-वसतिगृह, कुलवृत्तान्त अशा विषयांवर या व्यासपीठावरून विद्वान वक्त्यांनी आजवर आपले विचार मांडले आहेत. त्या थोर विषयांच्या पंक्तीत मी आज मालवाहू पिकअप गाडीचा पाट मांडीत आहे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु माझी चार दशके वाहनदुरुस्तीच्या व्यवसायात गेली, आणि ज्याला जे कळते त्याने तेच बोलावे हे बरे.

दुसरे कारण याहून सबळ आहे. आपल्या ज्ञातीतील किती तरी कुटुंबांच्या चुली आज या चार चाकांवर पेटत आहेत. कोणी भाजीपाला मुंबईच्या बाजारात नेतो, कोणी दूध संकलन केंद्रावर पोचवितो, कोणी मासळीची ने-आण करितो, कोणी मंडपाचे सामान वाहतो. घर आणि जमीन यांच्या खालोखाल आपल्या माणसाच्या हातून होणारी सर्वांत मोठी खरेदी म्हणजे ही गाडी. पहिला भरणा करण्यासाठी पुष्कळ घरांतील गृहलक्ष्मीने अंगावरचे सोने उतरवून दिलेले असते. तेव्हा ही गाडी किती वर्षे साथ देते, या प्रश्नाशी त्या घरातील मुलामुलींचे शिक्षण, आजारपण, लग्नकार्ये ही सारी बांधलेली असतात. एवढ्यावरून हा विषय संमेलनास अनुचित नाही, हे आपण मान्य कराल.

प्रथम या वाहनाचा पूर्ववृत्तान्त थोडक्यात सांगतो. आपण सर्रास ज्याला ‘टेम्पो’ म्हणतो ते नाव मूळचे एका जर्मन कंपनीचे. १९५८ साली नवलमल फिरोदिया यांनी त्या कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो ही कंपनी काढली, आणि तिची तीनचाकी मालगाडी अशी सर्वतोमुखी झाली की पुढे कोणत्याही कारखान्याची लहान मालगाडी आली तरी आपण तिला टेम्पोच म्हणू लागलो. त्यापूर्वीच मुंबईत माझगाव येथे महिंद्र यांनी विलीज जीपगाड्या जोडण्यास प्रारंभ केला होता. आज गावोगाव दिसणारी बोलेरो पिकअप ही त्या जीपच्या घराण्यातील पणती म्हणता येईल. टाटांची ४०७ ही गाडी १९८६ साली आली, पाठोपाठ १९८८ मध्ये टाटामोबाईल ही पिकअप आली, आणि २००५ साली जिला लोकांनी कौतुकाने ‘छोटा हत्ती’ म्हटले ती एस गाडी रस्त्यावर उतरली.

मी आज बोलणार आहे तो वर्ग छोटा हत्ती आणि ४०७ यांच्या मधला. एक ते पावणेदोन टन माल वाहणारी, पुढे चालकाची केबिन, मागे उघडा हौदा, खाली शिडीच्या आकाराची पोलादी चॅसी आणि मागील आसाला पाटे, अशी ही मध्यम गाडी. जपानात टोयोटा कंपनीची हायलक्स १९६८ साली निघाली; अमेरिकेत त्याच कंपनीची टॅकोमा १९९५ साली आली. हायलक्स २०२२ साली आपल्या देशातही दाखल झाली, पण तेव्हा तिची किंमत तीस लाखांच्या वर होती, आणि ती आपल्या व्यवसायाची गाडी नव्हे. तथापि या परदेशी भगिनींच्या इतिहासात आपणांस शिकण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून त्यांचा उल्लेख मी मधून मधून करणार आहे.

सज्जनहो, गाडीचा विचार करताना टिकाऊपणा आणि भरवसा हे दोन गुण आपण एकच समजतो. वास्तविक ते निराळे आहेत. २००३ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या ‘टॉप गिअर’ या कार्यक्रमात एक जुनी हायलक्स समुद्राच्या भरतीखाली बुडविली, पेटविली, आणि शेवटी एका उंच इमारतीच्या माथ्यावर ठेवून ती इमारतच सुरुंगाने पाडली. तरीही साध्या हत्यारांनी खटपट केल्यावर ती गाडी सुरू झाली. हा टिकाऊपणा. तो पाहून थक्क व्हावे हे खरे. परंतु आपणांस गाडी इमारतीवरून पाडावयाची नाही. मध्यरात्री टोमॅटोच्या जाळ्या भरून निघालेली गाडी उजाडण्यापूर्वी बाजारात पोचावी, दूध नासण्याच्या आत केंद्रावर जावे, एवढेच आपले मागणे आहे. हा भरवसा. दहा वर्षे जिवंत राहूनही ऐन हंगामात चार वेळा घाटात बसणारी गाडी टिकाऊ असेल, भरवशाची नव्हे. टिकाऊपणाचा मोठा वाटा कारखान्यात घडतो. भरवसा मात्र मालकाच्या अंगणात घडवावा लागतो.

याचे एक उत्तम उदाहरण अमेरिकेतील शिकागो शहरचे आहे. तेथे पार्सले पोचविण्याचे काम करणाऱ्या एका गृहस्थाची निस्सान फ्रंटियर ही २००७ सालची पिकअप २०२० च्या प्रारंभी दहा लाख मैलांचा, म्हणजे सुमारे सोळा लाख किलोमीटरांचा टप्पा ओलांडून गेली. गाडी साधीच होती. चार सिलिंडरांचे इंजिन आणि हाताने बदलावयाचे पाच गिअर. मूळचे इंजिन तेच राहिले, आणि क्लच पहिल्यांदा बदलला तो आठ लाख मैल झाल्यावर! आपल्याकडे क्लच-प्लेट एका हंगामात जाळून टाकणाऱ्या तरुणांनी हा आकडा ध्यानी ठेवावा.

मात्र या उदाहरणाचा अर्थ नीट लावला पाहिजे. तेरा वर्षांत सोळा लाख किलोमीटर म्हणजे वर्षातील तीनशे दिवस काम धरले तर रोजची चारशे किलोमीटरांची चाल. इंजिन सकाळी एकदा तापले की दिवसभर तापलेलेच. हौद्यात हलका माल, पायाखाली चांगला रस्ता, आणि चालक एकच. इंजिनाची झीज थंड अवस्थेत सुरू होताना अधिक होते. एकसारखे चालणारे इंजिन त्या मानाने सुखी असते. आपली गाडी शेतापर्यंत दोन किलोमीटर जाते, बंद होते, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते, धुळीतून वळते, आणि रात्री दुप्पट ओझे घेऊन घाट चढते. तेव्हा सोळा लाखांची आशा आपण धरू नये. परंतु त्या गृहस्थाचा नेम आपणांस उचलता येईल: गाडी मोडण्याची वाट न पाहता ठरल्या अंतरावर तिची सेवा करणे. देवपूजेत जसा खंड पडू देत नाही, तसा यातही पडू देऊ नये.

आता ही सेवा कशी करावी ते सांगतो. सर्व बारकावे गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत छापलेले असतात. पण ती पुस्तिका बहुधा पहिल्याच दिवशी कपाटात जाते आणि गाडी विकताना बाहेर येते. म्हणून जेथे आपली माणसे हमखास फसतात अशी स्थळे तेवढी घेतो.

इंजिनाचे तेल हे त्याचे रक्त. ते धातूला धातू घासू देत नाही, उष्णता वाहून नेते आणि काजळी आपल्या पोटात घेते. काजळीने भरलेले तेल नुसते वरून भरून टाकण्याने शुद्ध होत नाही; ते काढून, फिल्टरसह बदलावेच लागते. पुस्तिकेतील अंतर हे सामान्य वापरासाठी असते. वीटभट्टी, खडीची खाण, उसाचा फड अशा धुळीच्या ठिकाणी ज्याची गाडी राबते त्याने ते अंतर कमी करावे, आणि हवेचा फिल्टर तर आठवड्यास उघडून पाहावा. जिला टर्बो आहे अशी गाडी घाट चढून आल्याबरोबर एकदम बंद करू नये; मिनिटभर मंद चालू ठेवून मग किल्ली फिरवावी.

रेडिएटरमध्ये विहिरीचे जड पाणी ओतण्याची सवय फार वाईट. त्यातील क्षार आत बसतात, नळ्या अरुंद होतात, आणि चैत्र-वैशाखात गाडी उकळू लागते. कूलंट महाग वाटते, पण इंजिन उघडण्याच्या खर्चापुढे ते काहीच नाही. तापमानाचा काटा लाल रेषेकडे झुकला की गाडी जागीच थांबवावी. ‘पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ’ म्हणून जे दोन किलोमीटर लोक रेटतात, त्या दोन किलोमीटरांत सिलिंडरचे हेड वाकते. अशी वाकलेली हेडे मी माझ्या हाताने किती उतरविली असतील याची गणती नाही.

यानंतर ओझे. बंधूंनो, गाड्यांचे आयुष्य जितके जादा ओझ्याने हरण केले आहे तितके दुसऱ्या कशानेही केलेले नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांची एक प्रसिद्ध चाचणी झाली. आसावरील भार दुप्पट केला तर रस्त्याची हानी सुमारे सोळापट होते, असा तिचा ढोबळ निष्कर्ष निघाला. पोलादाचीही तीच प्रकृती आहे. भार थोडा वाढला की त्याची सहनशक्तीची मुदत फार झपाट्याने घटते. चॅसीला तडा एका दिवसात जात नाही. शेकडो खेपांच्या दणक्यांनी तो केसासारखा सुरू होतो, आणि एके दिवशी हौदा आणि केबिन यांच्या मधोमध गाडी वाकलेली दिसते.

आमच्याकडे येणारे पुष्कळ जण म्हणतात, “मिस्त्री, मागे दोन जादा पाटे घाला, म्हणजे तीन टन बिनधास्त भरता येईल.” पाटे घातल्याने गाडी मागे बसलेली दिसत नाही, हे खरे. पण चॅसी तीच, आसाचे बेअरिंग तेच, टायर तेच, आणि ब्रेकही तेच! पाठीचा कणा तसाच ठेवून केवळ धोतर घट्ट बांधल्याने माणसाला दुप्पट ओझे उचलता येत नाही. कायद्याचेही भान ठेवावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनास आणखी दोन हजार, शिवाय तो जादा माल स्वतःच्या खर्चाने जागीच उतरवावा लागतो. एका पकडीत किती खेपांची कमाई जाते, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

ओझ्याचा खरा न्याय घाटात होतो. कसारा असो, खंबाटकी असो, उतारावर गाडी आवरण्याचे काम ब्रेकना करावे लागते, आणि ते सारे बळ उष्णतेत रूपांतर पावते. वजन दुप्पट तर उष्णता दुप्पट. वेग दुप्पट तर उष्णता चौपट. ब्रेक एका मर्यादेपलीकडे तापले की पाय दाबूनही ते धरत नाहीत. म्हणून ज्या गिअरमध्ये चढावे लागले असते त्याच गिअरमध्ये उतरावे आणि गाडी रोखण्याचे काम इंजिनालाही वाटून द्यावे, ही जुन्या चालकांची शिकवण शंभर टक्के शास्त्रशुद्ध आहे. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर न्यूट्रल करणारा माणूस चार रुपये वाचविण्यासाठी घरातील कर्ता पुरुष पणास लावीत असतो. हे मी कठोर शब्दांत सांगत आहे, कारण अशा वाहनांचे सांगाडे आमच्या अंगणात ओढून आणलेले मी पाहिले आहेत.

कोकणातील बांधवांसाठी गंजाविषयी दोन शब्द. टॅकोमा ही गाडी अमेरिकेत अत्यंत भरवशाची म्हणून नावाजलेली. पण तेथील थंड प्रदेशांत रस्त्यावरील बर्फ वितळावे म्हणून मीठ पसरतात, आणि त्या मिठाने तिच्या चॅसी आतून खाल्ल्या गेल्या. इंजिन ठणठणीत, आणि खालची चौकट हातोडीच्या टोकाने भोक पडेल अशी! २००८ साली कंपनीने १९९५ ते २००० या सालांतील गाड्यांच्या चॅसीची हमी पंधरा वर्षांपर्यंत वाढविली, आणि ज्या दुरुस्त होण्याजोग्या नव्हत्या त्या बाजारभावाच्या दीडपट किंमत देऊन परत घेतल्या. पुढे नंतरच्या सालांतील गाड्यांबाबतही खटला झाला, आणि २०१६ साली सुमारे पंधरा लाख वाहनांसाठी ३४० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. एवढ्या नामांकित गाडीची ही कथा. आपल्या किनाऱ्यावर बर्फ नाही, पण खारा वारा आहे, आणि मासळीच्या टोपल्यांतून रात्रभर ठिबकणारे खारट पाणी आहे. ते हौद्याच्या फटींतून थेट चॅसीवर उतरते. दृष्टीआड सृष्टी या न्यायाने आपण वरून रंग चमकवितो आणि खालून गाडी कुजत असते. मासळीची खेप झाली की गोड्या पाण्याने खालून गाडी धुणे, चॅसीच्या पोकळीतील पाणी जाण्याची छिद्रे मोकळी ठेवणे, आणि पावसाळ्यापूर्वी गंजरोधक लेप देणे, एवढी तीन कामे वर्षानुवर्षे केली तर गाडीचे आयुष्य निश्चित वाढते.

नव्या गाड्यांविषयीही सावध केले पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ हा प्रदूषणाचा कडक नियम लागू झाला, आणि डिझेल गाडीच्या धुराड्याच्या वाटेवर काजळी अडविणारी गाळणी आली. ही गाळणी साचलेली काजळी स्वतः जाळून साफ होते. मात्र त्यासाठी गाडी काही वेळ अखंड, बऱ्या वेगाने धावावी लागते. जी गाडी दिवसभर गावातल्या गावात फिरते तिची गाळणी तुंबते, दिवा लागतो, आणि मालक त्या दिव्यावर कागद चिकटवितो! असे न करता आठवड्यातून एकदा मोठ्या रस्त्यावर अर्धा तास फेरी मारावी. ज्या गाडीला युरियाचे द्रावण लागते तिच्यात शेतातील खताचा युरिया पाण्यात कालवून कदापि ओतू नये. ते शुद्ध, प्रमाणबद्ध द्रावण बाजारात तयार मिळते. जुनी गाडी हातोडी-पान्याने दुरुस्त होत असे. नवीला संगणकयंत्र लावून तिची तक्रार वाचावी लागते. यात नवी वाईट असे नाही. हवा सर्वांचीच आहे, आणि तिच्या शुद्धीचा वाटा आपणही उचललाच पाहिजे.

आता अर्थकारण. गाडी किती वर्षे ठेवावी? कल्पनेने एक उदाहरण घेऊ. समजा, एका कुटुंबाने १०,००,००० रुपयांस गाडी घेतली आणि पाच वर्षांनी ४,५०,००० रुपयांस विकली. झीज ५,५०,००० रुपये, म्हणजे वर्षास १,१०,००० रुपये. दुसऱ्या कुटुंबाने तीच गाडी बारा वर्षे सांभाळली आणि २,२०,००० रुपयांस विकली. झीज ७,८०,००० रुपये, म्हणजे वर्षास ६५,००० रुपये. दरवर्षीचा फरक ४५,००० रुपयांचा. जुनी गाडी ठेवल्याने सरासरी वर्षास २०,००० रुपये दुरुस्तीला अधिक गेले असे धरले, तरी वर्षास २५,००० आणि बारा वर्षांत तीन लाख रुपये घरात राहिले. शिवाय कर्ज पाच वर्षांत फिटले असेल तर पुढची सात वर्षे बिनहप्त्याची. ज्या घरात गाडी बिनहप्त्याची होण्यापूर्वीच विकून दुसरी आणतात, ते घर आयुष्यभर वित्तसंस्थेसाठी गाडी चालवीत असते.

तथापि ठेवण्यालाही सीमा आहे. ज्या वर्षी दुरुस्तीचा खर्च नव्या गाडीची झीज आणि व्याज यांच्या बेरजेहून वाढला, ज्या दिवशी चॅसीला मोठा तडा दिसला, किंवा गाडी वाटेत बसल्याने गिऱ्हाइकाचा विश्वास ढळू लागला, त्या दिवशी मोह सोडावा. मालवाहू गाडीचे पासिंगही पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते, हे हिशेबात धरावे. पासिंगच्या आधी चार दिवस गाडी सजविण्यापेक्षा ती वर्षभर पासिंगला योग्य ठेवणे स्वस्त पडते.

मघाशी मी म्हटले की भरवसा मालकाच्या अंगणात घडतो. मग मालक कोण, हा प्रश्न येतो. आपल्या एकत्र कुटुंबांत गाडी वडिलांच्या नावावर, हप्ता थोरल्याचा, चालवितो धाकटा, आणि भाडे ठरवितो चुलता. बारभाईची शेती, काय लागेल हाती! एकाच वर्षी घेतलेल्या दोन सारख्या गाड्या माझ्या पाहण्यात आहेत. एकीवर तीन भाऊ आळीपाळीने बसत. तेल बदलणे हे प्रत्येकाला दुसऱ्याचे काम वाटे. सहाव्या वर्षी तिचे इंजिन बसले आणि त्या निमित्ताने भावांची तोंडेही फिरली. दुसरी एका विधवा भगिनीची. चालक पगारी, परंतु बाई स्वतः वही ठेवीत. किती किलोमीटर, किती डिझेल, तेल कधी बदलले, टायर कधी फिरविले, सर्व तारीखवार. डिझेलचा मेळ बिघडला की त्या दुसऱ्याच दिवशी गाडी तपासावयास पाठवीत. त्यांची गाडी चौदाव्या वर्षीही दूध वाहत होती. यंत्राचे ज्ञान त्यांना नव्हते. त्यांच्याजवळ नोंद होती आणि जबाबदारी एकटीची होती. म्हणून माझी विनंती की, उत्पन्नात वाटेकरी कितीही असोत, गाडीच्या सेवेची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे असावी, आणि ती व्यक्ती घरातील स्त्री असली तर अधिक चांगले.

कागदपत्रांतील हयगय ही तर गाडीच्या गंजाहून घातक. गाडी विकली, पैसे घेतले, टीटी फॉर्मवर सह्या केल्या, आणि नाव बदलले की नाही ते कोणी पाहिलेच नाही, असे सर्रास घडते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे की, नोंदणीत ज्याचे नाव तोच कायद्याने मालक. विकलेल्या गाडीच्या अपघाताची भरपाईसुद्धा त्याच्याच दारी येते. तेव्हा विक्रीनंतर नाव बदलल्याचा दाखला हाती येईपर्यंत व्यवहार पुरा झाला असे मानू नये. मालक निवर्तला तर वारसाने तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवून तीन महिन्यांच्या आत नाव चढविण्याचा अर्ज करावयाचा असतो. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही. म्हणून २०२१ पासून नोंदणीतच वारसाचे नाव नामनिर्देशित करण्याची जी सोय झाली आहे, तिचा लाभ घ्यावा. एक समाधानाची गोष्टही सांगतो. एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंतच्या अशा गाड्यांसाठी हलक्या वाहनाचा परवाना पुरेसा आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. आपल्या अनेक तरुणांच्या मनावरील एक टांगती तलवार त्यामुळे दूर झाली.

बंधुभगिनींनो, शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि तो काहींना कटू लागेल. आपल्याकडे लग्नाचे वऱ्हाड, जत्रेची मंडळी, मजुरांच्या टोळ्या सर्रास पिकअपच्या हौद्यात बसवून नेतात. हौदा मालासाठी आहे. त्याला बसण्याची जागा नाही, पट्टा नाही, वर छत नाही; उभ्या माणसांनी गाडीचा तोल वर जातो, आणि वळणावर ती कलंडली की माणसे धान्याच्या पोत्यांसारखी फेकली जातात. पोती पुन्हा भरता येतात. मालासोबत जाणाऱ्या मालाच्या धन्यास वा त्याच्या प्रतिनिधीस विम्याचे संरक्षण आहे. परंतु मालगाडीत फुकट बसविलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच ठरविले. म्हणजे अपघातात आपलेच सोयरे जायबंदी व्हावयाचे, आणि त्यांच्या भरपाईसाठी आपलेच घरदार विकावयाचे. दोन्ही घरे एकाच ज्ञातीतील! गाडीचा मालक ‘नाही’ म्हणाला तर आपण त्याला माणूसघाणा म्हणतो. माझी प्रार्थना आहे की यापुढे अशा ‘नाही’ला आपण मान द्यावा.

या दृष्टीने मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवितो. पहिली, मंडळाने आपल्या वतीने छापील ‘वाहनवही’ काढून प्रत्येक गाडीवाल्या सभासदास द्यावी. दुसरी, शिष्यवृत्तीचा विचार करताना आयटीआयमध्ये मोटार-यंत्रकाम शिकणाऱ्या मुलामुलींनाही त्यात स्थान असावे. संगणकयंत्रावर गाडीची तक्रार वाचणारे कुशल हात आपल्या तालुक्यात असतील तर सर्वांचाच पैसा आणि वेळ वाचेल. तिसरी, ज्ञातीच्या कोणत्याही लग्नात वऱ्हाड मालगाडीतून नेणार नाही, असा ठराव आजच्या सभेत व्हावा. वऱ्हाडाच्या बसच्या भाड्यास ज्या गरीब वधूपित्याची ऐपत नसेल त्यास साहाय्य म्हणून मंडळाने छोटासा निधी उभारावा. त्या निधीस माझ्या कुवतीप्रमाणे पहिली रक्कम मी आजच चालकांकडे सुपूर्त करीत आहे.

गाडी हे निर्जीव लोखंड आहे, असे म्हणतात. पण दसऱ्याला तिला झेंडूची माळ घालून, हळदकुंकू वाहून, आपण तिला घरातील एक मानतोच ना? मग वर्षातील एका दिवसाची ती पूजा उरलेल्या दिवसांतही चालावी: वेळेवर तेल, बेताचे ओझे, घाटात संयम, आणि हौद्यात माणूस नाही. एवढे पथ्य आपण पाळले, तर आपल्या गाड्या आपल्या कर्जांहून अधिक जगतील आणि त्यांवर बसणारी आपली मुले रोज रात्री सुखरूप घरी येतील.